न मोजलेले श्वास

लिहायला बसले खरी, पण पहिलंच वाक्य तीनदा खोडलं. ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही—नवऱ्यासमोर नाही, आईसमोर नाही. देवासमोर हात जोडतानाही मी तिला वळसा घालून पुढे जाते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. चार वर्षं झाली, तरी आठवलं की अंगावर काटा येतो—हे मी केलं? मी?

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच आलं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे छोटे छोटे भाग आमच्याकडे बनतात, ते मी तपासते. दर तासाला लाइनवरून पाच नग उचलायचे, गेजने मोजायचे, आकडा चेकशीटवर लिहायचा, पुढे बरोबरची खूण करायची. कागदावर तरी असंच आहे. या पट्ट्यात काम केलेलं कुणी हे वाचत असेल, तर ते आत्ता गालातल्या गालात हसत असणार. दर तासाला कोण लिहितंय? लाइन जोरात असली की शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटांत आठही रकाने एकदम भरले जातात. आधीचा आकडा बघायचा आणि पुढचा जरासा मागेपुढे करायचा, कारण सगळे सारखे आले की ऑडिटरला वास लागतो. आणि मध्येच पेन बदलायचं. निळं असेल तर तीन रकान्यांनंतर जरा फिकट निळं घ्यायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. आणि मी त्यात चांगली होते—माझ्या चेकशीट ऑडिटमध्ये पुढे ठेवायच्या.

आता घर. चाकणपासून दहा मिनिटांवरच्या गावात आमचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे. नवरा संतोष नव्या गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर. आठ-आठ, दहा-दहा दिवस बाहेर. घरात मी, मुलगा सोहम आणि सासूबाई. त्यांचं नाव हौसाबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे. आत्या शाळेत कधी गेल्या नाहीत, सही म्हणून अंगठा द्यायच्या. आणि मी डिप्लोमा झालेली. हे वाक्य मी त्या काळात मनातल्या मनात किती वेळा म्हणायचे! भाजीत मीठ कमी पडलं, तरी मी डिप्लोमा झालेली.

सोहम तेव्हा सात वर्षांचा, दुसरीत. त्याला दम्याचा हलका त्रास होता, रोज सकाळी पंप घ्यायचा. त्या वर्षी शाळेत कांजिण्यांची साथ आली, आणि एका सोमवारी त्याच्या पाठीवर पाण्याने भरलेले चार फोड दिसले. दुपारपर्यंत पोटावर, संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावर.

आत्यांच्या लेखी तो आजार नव्हताच. "देवी आलीया घरात," त्या म्हणाल्या, आणि लागल्या कामाला. दारावर कडुलिंबाचा डहाळा. अंथरुणात पाला. घरात फोडणी बंद, मटणमच्छी बंद, केसांना कंगवा नाही, चप्पल उंबऱ्याबाहेर. सातव्या दिवशी पाला घातलेल्या पाण्याने आंघोळ, मग दहीभाताचा नैवेद्य. आणि तोवर औषध नाही, कारण औषध दिलं की देवीचा अपमान होतो. आमच्या भागात हे आजही घरोघरी आहे, कुणी बोलून दाखवतं, कुणी नाही. मी नाकाने कांदे सोलत म्हटलं, आत्या, आता काय जमाना राहिलाय का हा? आणि सोहमला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. कांजिण्यांमधून बहुतेक मुलं आपोआप बरी होतात, पण हा दम्याचा, स्टिरॉइडचा पंप घेणारा, तेव्हा याला विषाणूवरचं औषध देऊ. पातळ औषध, बाटली हलवून, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. एकही डोस चुकवायचा नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठली तापाची गोळी घरातली उचलून द्यायची नाही, ॲस्पिरिन तर मुळीच नाही. आणि अजून एक. तो शांत झोपलेला असताना छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दिवसातून तीनदा. कांजिण्या क्वचित फुप्फुसात उतरतात, त्याहून क्वचित हृदयाला धरतात. श्वास वाढले, पोर गळून गेलं, उलट्या झाल्या, तर वाट बघायची नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मोजायचं, लिहायचं—हे तर माझं काम. घरी येऊन पट्टीने रेघा मारून चेकशीट तयार केली. डावीकडे वेळा, वर पाच दिवस. औषध, ताप, श्वास. कपाटाच्या दारावर सेलोटेपने चिकटवली. आणि औषधाची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. कारण मला वाटलं, आत्या ती बेसिनमध्ये ओततील.

बाटली बेसिनमध्ये ओतण्याबद्दल पुढे बोलायचंच आहे मला. जरा थांबा.

पहिले दोन दिवस मी रजेवर होते, आणि ते दोन दिवस त्या कागदावरची प्रत्येक खूण खरी आहे. हे मी का सांगतेय? बाजू घ्यायला नाही. दोन दिवस जमलं, म्हणजे मला जमत होतं, एवढंच त्यातून दिसतं. मंगळवारी संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला की उद्या-परवा कस्टमरचं ऑडिट आहे, मॅडम, तुम्ही नसाल तर कसं. मी फुगले. माझ्याशिवाय अडतं म्हणे! बुधवारी फर्स्ट शिफ्टसाठी सव्वासहाची बस पकडली. सोहम झोपेत होता, त्याला उठवून कडू औषध पाजायचं म्हणजे रडारड, म्हणून सकाळचा डोस राहिला. दुपारचा डोस कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स लॉकरमध्ये. संध्याकाळचा दिला, त्याने अर्धा थुंकला. शेवटचा देण्याआधी माझाच डोळा लागला.

गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारीही.

श्वास? श्वास मी या तीन दिवसांत एकदाही मोजले नाहीत. घड्याळ हातात घेऊन मुलाजवळ एक मिनिट बसायचं होतं. एक मिनिट.

आणि चेकशीट? गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे बघितलं तर रिकामे रकाने मला खायला उठले. शपथेवर सांगते, मी फार विचार केला नाही. हात आपोआप चालला. बुधवारचे चारही डोस—बरोबर, बरोबर, बरोबर, बरोबर. ताप नव्व्याण्णव, साडेनव्व्याण्णव. श्वास बावीस, बावीस, चोवीस. मग गुरुवार. तिथे मी पेन बदललं.

कुणासाठी बदललं? घरात ऑडिटर कोण होता? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल, मला खरंच उत्तर माहीत नाही. पण बदललं.

त्याच संध्याकाळी, मी ते भरत असताना, आत्या आतून आल्या. त्या सोहमजवळ बसलेल्या असायच्या, कडुलिंबाच्या डहाळीने त्याला वारा घालत. म्हणाल्या, "सुषमा, पोराची छाती बघ गं जरा. हात लावला तर लई धडधडती. पळून आल्यावानी." मी कागदावरून मान वर केली नाही. ताप असला की होतं तसं, म्हटलं. त्या परत आत गेल्या. मी पुढच्या रकान्यात लिहिलं, तेवीस.

शुक्रवारी दुपारी शेजारणीच्या फोनवरून आत्यांचा फोन आला. सोहम दोनदा ओकला होता, पोट दुखतंय म्हणत होता आणि त्याचे पाय गार पडले होते. मी हाफ डे टाकून धावत आले. पोर पांढरंफटक. रिक्षाने थेट मोशीच्या बाजूला मुलांच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. निघताना कपाटावरचा तो कागद मी ओढून काढला आणि पर्समध्ये घातला.

आता जे सांगते, ते वाचून तुम्ही कागद बाजूला ठेवलात तरी मी काही म्हणणार नाही.

बाहेर बाकावर आम्ही नंबरची वाट बघत बसलो होतो. आत्यांच्या मांडीवर सोहमचं डोकं. मी कागद उघडला आणि बघितलं तर शुक्रवारचा रकाना रिकामा. आणि मी पेन काढलं. माझा मुलगा हातभर अंतरावर, त्याच्या गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती—मी पेन काढून शुक्रवार भरला. सकाळी चोवीस. दुपारी चोवीस. खूण, खूण. माझं पेन मध्येच बंद पडलं, तर उठून काउंटरवरून दुसरं मागून आणलं. आत्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना वाटलं मी काहीतरी फार महत्त्वाचं करतेय. "लिव बाई," त्या म्हणाल्या, "समदं नीट लिव. डाक्टरला कळाया पायजे."

आतल्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तो कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, सगळे पालक असे असते तर किती बरं झालं असतं. कौतुक. आणि मला—लाज वाटतेय सांगायला—मला ते आवडलं. एवढ्याशा क्षणापुरतं, पण आवडलं.

नाडी जोरात, हातपाय गार, उलट्या झालेल्या. पण कागदावर श्वास दुपारपर्यंत ठीक, औषध वेळच्या वेळी. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालंय असं धरून सलाइन भरभर सोडलं. का नाही धरणार? आम्ही कंपनीत तेच तर करतो, कागद स्वच्छ असला की नग पास.

थोड्याच वेळात सोहम उठून बसला. झोपवेना त्याला. तोंड उघडून श्वास ओढायला लागला, बरगड्या आत जायला लागल्या, ओठ काळपट झाले. तो माझ्याकडे बघत होता. ओरडत नव्हता, तेवढी हवाच नव्हती त्याच्याकडे. नर्सने सलाइन बंद केलं, ऑक्सिजन लावला, कुणीतरी मला बाहेर ढकललं. आत्या भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या.

हृदयाची सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. कांजिण्यांच्या विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. हृदय मोठं झालं होतं आणि जेमतेम अर्ध्या ताकदीने चाललं होतं. अशा हृदयाला वरून दिलेलं पाणी पेलत नाही, ते फुप्फुसात साठतं. त्या मला समजावत होत्या, पण खरं तर स्वतःलाच विचारल्यासारखं बोलत होत्या. म्हणाल्या, हे असं दोन-तीन दिवसांत चढत जातं, श्वास आधी वाढायला लागतात. ते वाढलेले असते, तर मी सलाइनच्या आधी हृदयाकडे बघितलं असतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे आकडे तुम्ही स्वतः मोजलेत ना?"

मी म्हणाले, "हो."

तुम्हाला वाटत असेल, घाबरून गेली असेल बिचारी. घाबरले होतेच. पण पोर आत तडफडत असताना, आणि खरं सांगितलं तर डॉक्टरांना मदत होईल हे कळत असताना, मी कागद वाचवला. तो "हो" विचार करून आला होता. तो भीतीपोटी निसटलेला नव्हता.

सोहम नऊ दिवस आयसीयूत होता. शिरेतून विषाणूवरचं औषध, आठ-आठ तासांनी, हळूहळू. लघवीवाटे पाणी काढून टाकणारं औषध. हृदयाला जोर द्यायला एक औषध मशिनमधून थेंबाथेंबाने चोवीस तास. छातीला वायरी. पडद्यावर त्याच्या श्वासांचा आकडा दिसायचा, हिरव्या रंगात, कुणी न मोजता. पहिल्या दिवशी बावन्न. मी त्या आकड्याकडे बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे आणायला मी घरी गेले. आत्या हॉस्पिटलमध्ये सोहमपाशी थांबल्या होत्या. कपाट उघडलं. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती—कागदाप्रमाणे ती संपत आलेली हवी होती. मी ती घेऊन बेसिनपाशी गेले आणि ओतली. तळाला दोन चमचे राहतील असं बघून, नीट. नळ सोडला, बेसिन घासलं, बाटली पुसली आणि ओट्यावर समोरच दिसेल अशी ठेवली. आत्या असं काही करतील म्हणून मी तिला कुलूप लावलं होतं.

त्याच दुपारी संतोष आला. ट्रेलर वाटेतच दुसऱ्याच्या हवाली करून मिळेल त्या गाडीने आला होता. घरी अंघोळीला गेला तेव्हा त्याला दारावरचा डहाळा दिसला, अंथरुणातला पाला दिसला, पाट्यावर वाटलेला पाला दिसला. हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने स्वतःच्या आईला सगळ्यांदेखत विचारलं, "काय पाजलंस त्याला?" आत्या म्हणाल्या, चमचाभर रस, एकदाच, अंगाऱ्याबरोबर. तो जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. अडाणी, हा त्यातला सगळ्यात साधा शब्द.

डॉक्टर बाईंनी नंतर त्याला स्पष्ट सांगितलं, चमचाभर रसाने असलं काही होत नाही, हा विषाणूचाच त्रास आहे, औषध पूर्ण घेऊनही एखाद्याला होतो. पण त्याला कुणावर तरी राग काढायचा होता. आणि मी? मी फक्त गप्प बसले असते तरी पुरलं असतं. मी गप्पही बसले नाही. जिन्यात, आत्या पदराने तोंड झाकून उभ्या असताना मी म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होते."

सहा शब्दसुद्धा नाहीत. तेवढ्यावर सगळं माझ्या अंगावरून उतरलं आणि त्यांच्या अंगावर गेलं.

अजून एक राहिलंय. तेच मी इतका वेळ टाळतेय, तुमच्या लक्षात आलं असेल.

बुधवारी पहाटे मी बससाठी निघाले होते, तेव्हा आत्या दारात आल्या होत्या. म्हणाल्या, "त्ये औषध दे माझ्याकडं. दुपारच्याला मी पाजते. देवीला सांगितलंय मी, नातवासाठी एवढं चालवून घे म्हणून." मी ऐकलं. साठ-पासष्ट वर्षं जे मानलं ते त्या बाईने नातवासाठी बाजूला ठेवलं होतं, देवीची परवानगी काढली होती. आणि मी पर्सची चेन ओढून घेत म्हणाले, नको आत्या, तुम्ही ओतून द्याल. बस्स. चप्पल घालताना मला बसच्या वेळेची काळजी होती.

हे संतोषला कधी कळलं नाही. जिन्यात आत्या स्वतःही हे बोलल्या नाहीत. का नाही बोलल्या? मला वाचवायला म्हणाल, तर तसं काही नव्हतं. त्यांना तोवर मनापासून पटलं होतं की आपल्याच हातून काहीतरी घडलंय. देवी आणि औषध, दोघांच्या मध्ये आपण लुडबूड केली म्हणून पोराच्या काळजाला धरलं. त्यांच्या हिशोबात मी कुठेच नव्हते. मी तर सगळं लिहून ठेवणारी सून होते.

सोहम वाचला. घरी आल्यावर वर्षभर औषधं चालली. हृदयावरचा भार हलका करायला एक गोळी, पावडर करून. पाणी काढणारी एक. आणि हृदयाचे ठोके सावरणारं एक औषध—इतकं मोजून द्यायचं की आधी नाडी बघायची, ती ठरलेल्या आकड्याखाली असली तर त्या दिवशी द्यायचंच नाही. पुन्हा मी रेघा मारून कागद केला. त्यातला एकूण एक आकडा खरा आहे, डोळ्यात तेल घालून मोजलेला. बघा, कशी सुधारली, असं म्हणायला हे सांगत नाही. खरा कागद लिहायला मला माझ्या मुलाचे काळे पडलेले ओठ बघावे लागले, असाच त्याचा अर्थ आहे. दीड वर्षाने डॉक्टर म्हणाल्या, हृदय अगदी पहिल्यासारखं झालंय, पळू दे त्याला. आता तो अकरा वर्षांचा आहे, घरात एक जागी बसत नाही.

पण आत्या त्याला हात लावेनाशा झाल्या. आधी त्यांच्याच कुशीत झोपणारं पोर ते. साधी सर्दी झाली तरी त्या दारातच उभ्या राहायच्या, हात पाठीमागे घेऊन. तो बोलवायचा, आज्जी, ये ना. त्या म्हणायच्या, "नगं रं. माझा हात वंगाळ हाय." देव्हाऱ्याला हात लावणंही त्यांनी सोडलं. कांजिण्या झालेल्या घरांतून बायका त्यांना विचारायला यायच्या पूर्वी, काय करायचं, कसं करायचं. नंतर कुणी आलं तर त्या आत जाऊन बसायच्या. मी हे रोज बघत होते. रोज. डबा भरताना, बस गाठताना, तिन्हीसांजेला दिवा लावताना. एक वाक्य बोलायचा अवकाश होता—आत्या, तुमचा काही दोष नाही. किल्ली माझ्याकडे होती. तीन वर्षं मला ते वाक्य पाठ होतं आणि मी मूग गिळून बसले.

उलट काय केलं, तेही सांगते. मधल्या काळात लाइनवर एक मुलगी खोटे आकडे भरताना मला सापडली. नवीन होती, कंत्राटी. मी तिची तक्रार केली. सुपरवायझरसमोर तिला म्हणाले, खोटा आकडा म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ असतो, कळतं का? आवाज चढला नव्हता माझा, अगदी समजुतीने बोलले. ती रडली. तिला कामावरून कमी केलं. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. शेवटचे दोन महिने अंथरुणावरच होत्या, पोटाचा आजार. मी रजा काढून त्यांचं सगळं केलं. गावात बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी ऐकून घ्यायचे.

जायच्या तीन-चार दिवस आधी, सकाळचीच वेळ होती, त्यांनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. संतोष पायाशी बसला, सोहम शाळेच्या कपड्यांत उभा. आत्यांनी आधी सोहमला बघितलं, पण जवळ ओढलं नाही. म्हणाल्या, "सोहम्या, माझ्या पाल्यापायी तुझं काळीज बिघडलं रं. आज्जीवर राग धरू नगंस." त्याला काय कळणार? तो म्हणाला, बरं. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. आवाज अगदी खोल गेला होता. "सुषमा, तू सांगत हुतीस, मी ऐकलं न्हाई. मला माफ कर बाई."

संतोष तोंड फिरवून रडायला लागला. खोलीत आम्ही चौघंच होतो. त्यातल्या मला एकटीला खरं माहीत होतं आणि ते सांगायला याहून सोपी वेळ आयुष्यात कधी येणार नव्हती. मला ते त्या क्षणी कळलंही. लख्ख कळलं. कुणी मला अडवलं नव्हतं, कुणी घाई केली नव्हती. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू द्या आत्या. आम्ही केव्हाच माफ केलंय तुम्हाला."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, मोठ्या कष्टाने वर उचलला आणि कपाळाला लावला. मी लावू दिला.